मठ्ठ इंजिन

"सर, जमीन! जमीन!" पराग ओरडला, पण तोवर वेळ गेली होती.

पडद्यावर धावपट्टीच्या अलीकडची बाभळीची रांग वर आली, क्षणभर तिच्या शेंगासुद्धा दिसल्या आणि मग सगळं तांबडंलाल झालं. त्या तांबड्यावर पांढऱ्या अक्षरांत नेहमीचा प्रश्न उमटला : पुन्हा उड्डाण करायचं?

विमान ग्रुप कॅप्टन राणे उडवत होते. उभी हयात लढाऊ विमानं उडवून निवृत्त झालेला तो माणूस आमच्या खोलीतल्या जुन्या खुर्चीत ताठ बसून होता. खुर्ची एका दातांच्या डॉक्टरने काढून टाकलेली, आम्ही तिला विमानाचं आसन केलेलं. त्यांचा डावा हात अजून थ्रॉटलवर होता, म्हणजे इंजिनाला इंधन कमी-जास्त करायच्या दांड्यावर. तो सुटत नव्हता.

"इंजिन चुकीचं आहे," शेवटी ते म्हणाले.

निखिलेशने माझ्याकडे बघितलं. परागनेही बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. कारण इंजिन माझं होतं.

नाशकात, एका चिवड्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत आम्ही लढाऊ विमानांचा खेळ बनवत होतो. खेळ संगणकावरचा, पण हौशी लोकांना अगदी खऱ्यासारखा लागतो तसला. विमानाचं नाव ससाणा. असं विमान कुठे नाही, पण जुन्या एका इंजिनाच्या जेट विमानांवरून बेतलेलं. पंख, पडदे, आकाश दुसऱ्यांनी केलं. ससाण्याचं इंजिन कसं जागं होतं, केव्हा ठसकतं, उंचावर हवा विरळ झाली की कसं धापा टाकतं, हे सगळं मी पोटुशी असताना लिहिलं होतं. मग रजेवर गेले, रेऊ झाली, आणि सहा महिन्यांनी परत आले तेव्हा खेळ जवळजवळ पुरा होत आला होता.

"किती चुकीचं आहे, सर?" निखिलेशने विचारलं. कंपनी त्याची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कॉलेजपासूनचा मित्र.

"उतरणाऱ्याला मारेल इतकं."

राणेसर कानांवरचा हेडफोन काढून उठले. टोपी घातली. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "शुक्रवारी बोलावलंय, तर येईन. शब्द दिलाय." आणि कठड्याला हात न लावता खाली उतरून गेले.

त्यांची पावलं वाजायची थांबल्यावर निखिलेश माझ्याकडे वळला.

"आता तरी पटलं?" तो म्हणाला. "सुमेधा, मी कधीचा सांगतोय. खेळून बघणारी पोरं काय लिहितात वाचलंयस ना? मठ्ठ इंजिन! दांडा पुढे ढकलला की विमान पुढे सुटलं पाहिजे. तुझं इंजिन आठ सेकंद विचार करतं. आठ सेकंद कोण थांबतं गं आजकाल? खालचा शेटजी आठ सेकंदांत पाव किलो चिवडा बांधून सुट्टे परत देतो."

"खऱ्या इंजिनाला तेवढे लागतात, निखिलेश. आत पात्यांचं जड चाक असतं. ते मंद फिरत असलं तर हवा कमी खेचतं. आणि हवा कमी असताना एकदम इंधन ओतलं, तर इंजिनाला ठसका लागतो. विझतंसुद्धा. त्याला हळूहळूच..."

"खरं उडवणारा माणूस आत्ता तुझ्यासमोर चुकीचं म्हणून गेला."

मी संगणकाचं झाकण मिटलं.

"शुक्रवारी कुट्टी येतोय," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. कुट्टी म्हणजे आमचा खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीचा माणूस. "त्याच्यासमोर सरांनी चुकीचं म्हटलं, की संपलं. तू तेवढं आठाचं दोन कर. एक आकडा बदलायचाय गं. नाहीतर मी बाहेरून तयार इंजिन घेतो आणि बसवतो. आणि तू मग मेनू, बटणं, सूचना वगैरे बघ. ते घरून करता येईल. तुलाही सोपं पडेल."

हे तो मायेनेच बोलला. तेच जास्त लागलं.

कारण मला सोपं पडावं असं मलाही वाटायला लागलं होतं. परत आल्यापासून माझं डोकं पूर्वीसारखं चालत नव्हतं. कोणी काही विचारलं, की प्रश्न माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागे आणि उत्तर तोंडात यायला त्याहून जास्त. बैठकीत सगळे पुढे निघून गेलेले असत तेव्हा मला मागच्या मुद्द्याचं सुचे. निखिलेश म्हणायचा, "पूर्वी तू असल्या गोष्टी दुपारच्या चहाआधी उडवायचीस." पूर्वी मी रात्री झोपतही होते.

घरी गेले तेव्हा सासूबाई रेऊला झोळीत घालून झोका देत होत्या. मी दोरी हातात घेतली. एका हाताने झोका, मांडीवर संगणक, असं माझं घरचं काम चालायचं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला.

"आज काय, पडलं वाटतं विमान?"

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"तुझ्या चपलांवरून. एक दारात, एक मोरीपाशी." त्या माझ्याशेजारी टेकल्या. "सुमेधा, ऐक हं, बोलले म्हणून राग मानू नकोस. लेकरू आणि विमान एकदम नाही उडत. एक खाली ठेवावं लागतं."

"कोणतं?"

"ते मी कशाला सांगू? मी सांगितलं तर सासू बोलली म्हणशील." आणि हसून चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आणि उद्या-परवा मी सिन्नरला जाणार आहे, आक्काच्या नातीच्या साखरपुड्याला. विसरली असशील."

विसरले होते.

त्या आत गेल्यावर मी ससाणा सुरू केला. राणेसर उतरले तसंच उतरून बघितलं. वेग कमी केला, दांडा मागे घेतला, मग परत हळूच पुढे. पडद्यावरच्या, आतलं चाक किती फिरतंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. काटा सावकाश चढत गेला, आठ सेकंदांत जागेवर आला, विमान सावरलं आणि धावपट्टीला टेकलं. पुन्हा केलं, पुन्हा टेकलं. काही चुकत नव्हतं. मग सर का पडले? सगळं त्या घरातल्या शांततेत, झोळीच्या कडीची तेवढी करकर.

दुसऱ्या दिवशी मी रेऊला कडेवर घेऊनच जिना चढले. निखिलेशच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि त्याने ते गिळलं. पराग मात्र उडीच मारून आला. आमचा आवाजाचा माणूस तो. पावसाचा, स्फोटाचा, चाकं टेकल्याचा, सगळे आवाज त्याचे.

"आली आली, वैमानिक आली! काय गं ए रेवती गायकवाड, लायसन कुठंय तुझं?"

"परग्या, ओरडू नकोस, डोळ्यांवर झोप आहे तिच्या."

"झोप? थांब, माझ्याकडे औषध आहे." त्याने खुर्चीशेजारी गोधडी अंथरायला लावली आणि इंजिन नुसतं सुरू ठेवलं. विमान जागेवर उभं, इंजिन मंद. खोलीभर एक खोल, एकसुरी घुमारा भरून राहिला. रेऊने दोनदा डोळे मिचकावले, मूठ तोंडाशी नेली आणि झोपली. घरी जिच्यासाठी पंख्याचं बटणसुद्धा दाबायची चोरी, ती पोर जेट इंजिनाशेजारी गाढ झोपली. मला हसू आलं आणि रडूही. परागने खुर्ची पुढे ओढून दिली.

मी संगणक उघडला. तो आकडा शोधायला वेळ लागला नाही. आठ. त्याच्या शेजारी मीच कधीतरी पोटावर हात ठेवून लिहिलेली टीप होती : 'हा बदलू नये.' मी खोडायच्या बटणावर बोट ठेवलं.

"परग्या, बदलायच्या आधी एकदा आहे तसं उडवून बघते."

"बघ की. तुझंच आहे."

मी डॉक्टरच्या खुर्चीत बसले. दांडा माझ्या नवऱ्याने, संकेतने, अंबडच्या कारखान्यात लेथवर करून दिलेला, हाताला गार लागायचा. तो हळूच पुढे केला.

क्षणात इंजिन गरजलं. रेऊचे दोन्ही हात फाकले, डोळे उघडले आणि तिने असं भोकाड पसरलं की मी दांडा सोडून तिला उचललं. तिला छातीशी धरून थोपटताना माझी नजर पडद्यावर गेली.

काटा अजून खालीच होता.

गर्जना होऊन गेली होती, पोर उठून रडतही होती, आणि काटा आत्ता कुठे हलायला लागला होता.

"पुन्हा कर," मी म्हणाले.

"अगं, ती रडतेय."

"रडू दे. पुन्हा कर."

परागने दांडा मागे घेतला, पुढे केला. आधी आवाज. मग बऱ्याच वेळाने काटा. रेऊ माझ्या खांद्यावर हुंदके देत होती आणि मला कळत होतं, की मी परत आल्यापासून हा आवाज एकदाही ऐकलेला नाही. घरी काम करताना मी आवाज बंद ठेवायची, ती उठू नये म्हणून. इथे आल्यावरही सवयीने बंदच, आणि काल तो फक्त सरांच्या हेडफोनमध्ये होता.

"परग्या, इंजिनाचा आवाज तू कशाला बांधलायस?"

"दांड्याला."

"दांड्याला? आत चाक किती फिरतंय त्याला नाही?"

"आधी त्यालाच होता. तू बांधलेलास तसाच." तो कान खाजवायला लागला. "पोरं बोंबलायला लागली ना, दांडा ढकलला तरी काही होत नाही म्हणून. तेव्हा निखिलेश म्हणाला, इंजिनाला हात लावला तर सुमेधा जीव घेईल, निदान कानाला तरी बरं वाटू दे. मग मी आवाज सरळ दांड्यावर टाकला. ढकललं की गरजतं. पोरं खूश झाली थोडी."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू दवाखान्यात होतीस गं. टाके पडलेले तुला. काय फोन करायचा, की सुमेधाताई, इंजिनाचा आवाज हलवला? मग राहूनच गेलं."

मी खाली गोधडीवरच बसले. मला राणेसरांचा हात दिसायला लागला. त्यांनी दांडा ढकलला नव्हता. बोटाबोटाने पुढे नेला होता आणि मध्येच थांबवला होता. का थांबवला हे मला काल कळलं नव्हतं. आता कळलं. कान म्हणाला, पुरे, आला जोर. म्हणून हात थांबला. आणि जोर तर अजून वाटेतच होता.

निखिलेशला बोलावून दाखवलं. रेऊ बिचारी आणखी एकदा दचकली. त्याने ऐकलं, पाहिलं, हाताची घडी घातली.

"ठीक आहे. पण सरांनी काटा बघायचा ना. काटा बरोबरच होता."

"उतरताना डोळे धावपट्टीवर असतात. काटा कोण बघणार?"

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत. सरांना माहीत आहे. म्हणून तर ते पडले."

त्याने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "बरं. आवाज परत चाकाला बांधा. सेकंद आठ राहू देत. पण सुमेधा, शुक्रवारी सर पुन्हा बाभळीत गेले, तर मी कुट्टीसमोरच आठाचे दोन करणार. मग वाद नको. आणि इंजिन तुझ्याकडे राहणार नाही."

"चालेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मी राणेसरांना फोन लावला. फोन त्यांच्या पत्नीने उचलला. कुमुदकाकू. त्यांना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

"ते बागेत आहेत. कालपासून बागेतच आहेत. गुलाबांची कत्तल चाललीय."

"काकू, शुक्रवारी येतील ना ते?"

"शब्द दिलाय म्हणाले. म्हणजे येतील. पण एकदाच बसेन आणि निघेन, असंही म्हणाले."

मी त्यांना सांगून टाकलं. कितपत कळेल ते कळो, पण कोणाला तरी सांगायला हवंच होतं. की चूक इंजिनात नाही, आवाजात होती. की आवाज आधी येत होता आणि जोर मागून.

पलीकडून काकूंनी विचारलं, "आवाज आधी येत होता?"

"हो."

"असं," त्या म्हणाल्या. "मी येते त्यांना घेऊन." आणि फोन ठेवला.

पराग दिवसभर आवाज उसवत आणि परत जोडत बसला. रेऊला त्या दुपारी लस टोचून घेतली. संध्याकाळी तिला ताप भरला आणि सकाळपर्यंत ती अंगावरून खाली उतरली नाही. शुक्रवारी मी जिना चढले तेव्हा माझा एक कान बंद झाल्यासारखा वाटत होता. केस विंचरले होते की नाही, आठवत नाही. सासूबाई सिन्नरलाच होत्या, संकेतची कारखान्यात पहिली पाळी होती. रेऊ माझ्याबरोबर.

कुट्टी चकचकीत बुटांचा, हसतमुख मुलगा निघाला. आल्या आल्या त्याने चिवड्याचा वास घेऊन, "हे कुठे मिळतं?" म्हणून विचारलं. निखिलेशने ताबडतोब किलोभर मागवला. मग राणेसर आले. इस्त्रीचा शर्ट, हाताला गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे. मागे कुमुदकाकू, सुती साडीत, ठेंगण्या. त्यांनी कोणाला नमस्कार करायच्या आधी माझ्या कडेवरच्या रेऊच्या कपाळाला हात लावला.

"लस?"

"हो."

"उतरतोय आता. दे इकडे."

मी सरांजवळ गेले. मला सगळं समजावून सांगायचं होतं, वाक्यं तयार केली होती, पण ऐन वेळी एकही जागेवर सापडेना. "सर, परवा आवाजात..." एवढंच म्हणाले.

"गायकवाड," ते म्हणाले. फौजी माणूस, आडनावानेच हाक मारायचे. "समजावू नका. उडवून बघतो. बरोबर असेल तर मला सांगावं लागणार नाही. चूक असेल तर तुम्हाला."

मी त्यांच्यामागून आत जाणार तेवढ्यात रेऊ भुकेने कळवळली. विमानाच्या खोलीत पुरुष दाटलेले. म्हणून मी शेजारच्या खोलीत, प्लायवुडच्या पडद्याआड, तिला घेऊन बसले. काकू माझ्याबरोबर. पडद्यापलीकडचं आम्हाला काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं.

इंजिन सुरू झालं. ससाणा निघाला, उडाला. गुणगुण वर गेली, लांबली.

"मी यांना उडताना कधी पाहिलंच नाही," काकू म्हणाल्या. "बायकांना कुठे जाऊ देतात तिकडे. आमच्या क्वार्टर्स धावपट्टीच्या टोकाला. स्वयंपाकघरात असायची मी. विमानं निघाली की रेडिओ बंद. शेजारची म्हणायची, काय हो मिसेस राणे, गाणी आवडत नाहीत का? तिला काय सांगायचं."

"मग तुम्हाला कळायचं, कोणतं विमान त्यांचं?"

"जाताना नाही. जाताना सगळी सारखीच बोंबलतात. येताना कळायचं." त्यांनी रेऊचं टोपडं सारखं केलं. "बाकीच्यांची इंजिनं खाली येताना एकदम ओरडायची. मध्येच गप्प, मध्येच ओरड. यांचं तसं नाही. हे लांबूनच, थोडं थोडं वाढवत आणायचे. मंद आचेवर दूध वर येतं ना, तसं. मला यांनी कधी शिकवलं नाही हं. आणि मी ओळखते, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर मी रोज कान देऊन बसते, तेही सांगावं लागलं असतं. उडणाऱ्या माणसाला कशाला ते ओझं?"

पलीकडे निखिलेश काहीतरी म्हणाला, कुट्टी हसला. सरांचा आवाज नाही.

"बुधवारी घरी आले," काकू आणखी हळू बोलायला लागल्या, "आणि म्हणाले, कुमुद, माझा कान गेला. मी जन्मभर कानावर उतरलो आणि आज कानानेच मला बाभळीत घातलं. म्हातारा झालो. मी म्हटलं, इंजिन चुकीचं असेल. तर म्हणाले, तिथे तसंच सांगून आलोय, पण त्या पोरीचं इंजिन चुकीचं नव्हतं. काटा बरोबर चढत होता, ते मी पडता पडता पाहिलं. मीच चुकलो. आणि पोरीवर ढकलून आलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुमचा फोन आला. तेव्हा मला उमगलं. पण मी सांगितलं तर त्यांना समजूत घातल्यासारखं वाटेल. म्हणून म्हटलं, चला. कानाचं कानानेच ऐकू दे."

रेऊ पीत होती.

पलीकडची गुणगुण बदलली. वळण. मग आवाज उतरायला लागला. सर खाली येत होते. आवाज इतका मंदावला की खालच्या कढईतला झारा ऐकू आला. तीच जागा. परवा हात इथेच थांबला होता. बाभळी कुठेतरी खाली आल्या असतील. मी मनात मोजायला लागले आणि मोजणंही चुकलं.

आणि मग तळातून काहीतरी हललं. आवाज म्हणण्याइतकंही नाही, प्लायवुडला पाठ टेकली होती तिथे अंगाला लागलं. ते वाढलं. थांबलं नाही, उसळलं नाही. नुसतं येत राहिलं, येत राहिलं, भरत गेलं. रेऊने पिता पिता डोळे उघडले, ऐकलं आणि परत मिटले.

काकूंचा हात तिच्या पाठीवर थांबला होता. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ घट्ट.

चाकं टेकल्याचा चीत्कार झाला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

"आले," काकू म्हणाल्या.

म्हणाल्या आणि उठल्याच. स्वयंपाकघरात तवा ठेवायला उठावं तशा. दोन पावलं गेल्या, मग आपण कुठे आहोत ते ध्यानात येऊन परत माझ्याशेजारी बसल्या आणि पदराने चेहरा पुसला.

पलीकडे टाळ्या झाल्या. सरांचा आवाज आला, मोठा, अगदी वेगळाच : "गायकवाड कुठे आहेत? त्यांना सांगा, इंजिन बरोबर आहे!" मग पुन्हा काहीसं हळू, कोणाला उद्देशून कोण जाणे, "कानही बरोबर आहे."

मी उठायला हवं होतं. उठणारही होते. रेऊला काकूंनी माझ्या हातातून घेतलं एवढं आठवतं, आणि प्लायवुड पाठीला ऊबदार लागलं, म्हणून म्हटलं, एक मिनिट डोकं टेकते.

पुढचं सगळं मला परागने सांगितलं. कुट्टी त्या खुर्चीत बसला आणि पोरांसारखाच दांडा ढकलून पहिल्या फेरीत इंजिनाला ठसका आणून बाभळीत गेला. दुसऱ्यांदा गेला. बूट काढून ठेवले, बाह्या सरसावल्या, परत गेला. राणेसर त्याच्या मागे उभे राहून सारखे म्हणत होते, "आधी सांग त्याला. लागेल तेव्हा मागू नकोस, लागायच्या आधी माग. आणि मग थांब." अखेर एकदा तो उतरला, तेव्हा असा ओरडला की खालचा शेटजी झारा घेऊन वर बघायला आला. आठ सेकंद राहिले. ज्यांना घाई त्यांच्यासाठी सोपं इंजिन वेगळं ठेवायचं ठरलं, पण ससाण्याचं खरं इंजिन माझं. खेळाच्या सुरुवातीला सरांच्या आवाजात उतरायचा धडा घालायचा, हेही तिथेच ठरलं. चिवडा संपला. माणसं गेली.

हे सगळं होत होतं तेव्हा मी भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. आजवर मी जिंकलेली ती एकच लढाई, आणि ती मी पाहिली नाही. रेऊ आता तिसरीत आहे. तिला हे सांगितलं की ती दर वेळी विचारते, "पण तुला कोणी उठवलं का नाही?"

उठवायला निखिलेश आला होता. पराग म्हणतो, दोनदा आला. पहिल्यांदा पडद्याशी धावत आला, "सुमेधा, अगं!" म्हणत. काकूंनी रेऊला मांडीवर हलवत त्याला ओठांवर बोट ठेवून अडवलं.

"काकू, एकच मिनिट. तिला सांगायचंय. मी तिला जे बोललो होतो ना, ते..."

"सांगा ना. पण उठल्यावर."

"कधी उठेल?"

"उठेल तेव्हा उठेल. तुम्हाला घाई असेल तर जा."

तो गेला आणि परत आला. मग तिथेच फरशीवर बसला.

मला जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं, खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. रेऊ काकूंच्या मांडीवर, ताप उतरलेला, स्वतःचा अंगठा शोधत होती. समोर निखिलेश भिंतीला पाठ लावून बसलेला, गुडघ्यांवर हात. मला डोळे उघडलेले पाहून तो सरसावला.

"सुमेधा..."

रेऊने माझ्याकडे मान वळवली आणि ओठ काढले.

"थांब," मी निखिलेशला म्हणाले. "आधी हिला घेते."

"हो, हो. घे ना." तो उठला, वळला आणि भिंतीकडे तोंड करून परत खाली बसला.